‘मोकळी जमीन’ म्हणजे कोणती? : एका नियमाचे वाचन

गिरणगावावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी, नारायण सुर्वे यांची कविता, जयंत पवारांचे १९९७ मधले ‘अधांतर’ आणि त्यावरचा २०१० चा चित्रपट ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली नावे. त्यावर समीक्षाही भरपूर झाली. संप, बेकारी, उसवलेली घरे आणि वाया गेलेली मुले हे या साहित्याचे विषय समीक्षकांनी नीट तपासले. परंतु ज्या दीड-दोन पानांच्या मजकुराने चिंचपोकळी, करी रोड आणि लालबागचे आजचे रूप ठरवले, तो मजकूर साहित्याच्या अभ्यासकांनी फारसा हाती घेतलेला दिसत नाही. तो मजकूर म्हणजे बृहन्मुंबई विकास नियंत्रण नियमावली १९९१, नियम क्रमांक ५८. विषय : कापड गिरण्यांच्या जमिनींचा विकास. मुंबईतल्या गिरण्याही अठ्ठावन्नच मोजल्या जातात, हा निव्वळ योगायोग.

सरकारी नियम हा रूक्ष मजकूर असतो, त्यात वाचण्यासारखे काय, असे कोणी म्हणेल. माझे मत उलटे आहे. कवितेतला एखादा शब्द बदलला तर एक ओळ बिघडते. नियमातला शब्द बदलला तर मैदान नाहीसे होते. म्हणून हा मजकूर आपण एखादा पाठ वाचतो तसा वाचू. कोणता शब्द कुठे बसवला, तो कधी बदलला आणि त्या बदलानंतर कोणाच्या पदरात काय पडले, एवढेच पाहायचे आहे.

आधी जागा समजून घेऊ. चिंचपोकळी स्टेशनच्या पश्चिमेला ना. म. जोशी मार्ग, ऑर्थर रोडचा तुरुंग, महापालिकेचे संसर्गजन्य रोगांचे कस्तुरबा रुग्णालय, आणि सात रस्त्याकडे सरकत जाणारी गिरण्यांची रांग. पूर्वेला लालबाग आणि काळाचौकी. एका बाजूला तुरुंग, एका बाजूला साथीचे इस्पितळ आणि मध्ये भोंगे, अशा या वस्तीत शंभर वर्षे माणसे पाळ्या लावून राहिली; एकाच खोलीत रात्रपाळीचे दिवसा झोपत आणि दिवसपाळीचे रात्री. मुंबईतल्या गिरण्यांची एकूण जमीन सुमारे ६०० एकर होती. ती बहुतेक याच पट्ट्यात, भायखळ्यापासून दादरपर्यंत. एवढ्या दाट शहराच्या ऐन मध्यभागी एवढी जमीन एकदम पुन्हा वापरात येणार, अशी संधी मुंबईला त्यापूर्वी मिळाली नव्हती आणि पुन्हा मिळण्याचा संभव नाही.

१९९१ च्या नियमाने या जमिनीची वाटणी ठरवली. बोलण्यात ती ‘एक तृतीयांशाची’ म्हणून ओळखली जाते, पण प्रत्यक्ष तक्ता जरा बारकाव्याचा आहे. जमीन पाच हेक्टरपर्यंत असेल तर ३३ टक्के महापालिकेला बाग-मैदानासाठी, २७ टक्के म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि ४० टक्के मालकाला. पाच ते दहा हेक्टरांना ३३, ३४, ३३. दहा हेक्टरांच्या वर ३३, ३७, ३०. गिरणी जितकी मोठी तितका मालकाचा वाटा लहान. नियमातला हा उतरता आकडा मला नेहमीच लक्षणीय वाटत आला आहे. तो लिहिणाऱ्याच्या मनात काही एक न्यायबुद्धी होती, हे त्या तक्त्यावरून कळते. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने समाजाला जास्त द्यावे, हे तत्त्व त्याने विशेषण न वापरता टक्केवारीत लिहिले.

पण ही वाटणी कशाची करायची? १९९१ च्या मजकुरात त्याचे उत्तर दोन जोडपदांत होते : मोकळ्या जमिनी, आणि बांधकामे पाडल्यावर मोकळ्या होणाऱ्या जमिनी. गिरणीच्या आवारात शेड, गोदाम, बॉयलर, खाते असे बांधकामच बहुतेक जागा व्यापून असते. मोकळी जागा म्हणजे आवारातला रस्ता, एखादे तळे, कोपऱ्यातले मंदिर आणि झाडे. दुसरे जोडपद नसेल तर नियमात वाटायला फारसे काही उरतच नाही.

२० मार्च २००१ रोजी नियम सुधारला, तेव्हा नेमके हे दुसरे जोडपद गेले. त्याच्या जागी मोकळ्या जमिनी आणि शिल्लक चटई क्षेत्र असा शब्दप्रयोग आला. तक्ता तसाच राहिला, टक्केवारी तशीच राहिली. वर्तमानपत्रांतून ‘एक तृतीयांश’ हे शब्दही तसेच छापून येत राहिले. बदलले ते एवढेच, की ‘एक तृतीयांश कशाचे’ याचे उत्तर. २००३ मध्ये खुलासा जोडून सरकारने हाच अर्थ पक्का केला.

फरक किती पडतो हे एका कल्पित गिरणीवर करून पाहू. समजा गिरणीचे आवार ३० एकरांचे आहे, म्हणजे बारा हेक्टरांच्या आसपास. त्यातले २४ एकर शेडखाली आणि ६ एकर मोकळे. १९९१ च्या वाचनाप्रमाणे सारे पाडून नवे बांधायचे ठरले तर तिसही एकरांची वाटणी : महापालिकेला सुमारे १० एकर, म्हाडाला ११, मालकाला ९. शहराकडे एकूण एकवीस एकर. २००१ च्या वाचनाप्रमाणे वाटणी फक्त ६ एकरांची. मोठ्यात मोठा टक्का धरला तरी शहराकडे चार एकरांच्या आसपास. उरलेल्या २४ एकरांवर जेवढे जुने बांधकाम होते तेवढे क्षेत्र मालकाने पाडून नव्याने बांधावे, त्यात वाटा नाही. एकवीसचे चार झाले, आणि त्यासाठी एकाही टक्क्याला हात लावावा लागला नाही.

सरकारची बाजू सांगणे न्यायाचे होईल. १९९१ च्या नियमातून दहा वर्षांत हाती फार थोडे लागले होते. दोन-तृतीयांश जमीन सोडण्यापेक्षा मालकाला शेड तशीच उभी ठेवणे फायद्याचे होते. शेड पडत नाही तोवर वाटणीचा प्रश्नच येत नाही. गिरण्या बंद, कामगारांची देणी थकलेली, बँका मागे लागलेल्या. मालकाला काही आमिष दाखवल्याशिवाय जमीन हलणार नाही, हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण तो अपुरा होता. जमीन हलत नव्हती, कारण प्रत्येक गिरणीचा हिशेब वेगळा होता आणि सक्तीची मुदत नव्हती. तुकडे एकत्र करून आखणी करावी, म्हणजे मैदाने, घरे आणि धंद्याच्या जागा सलग मिळतील, हा विचार १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीच्या कामात पुढे आलेलाच होता. तो बाजूला ठेवून व्याख्याच आखूड करणे हा सोपा मार्ग सरकारने निवडला.

त्यानंतरचा भाग न्यायालयात घडला, आणि तो खऱ्या अर्थाने अर्थनिर्णयाचा खटला होता. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अ‍ॅक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती दलवीर भंडारी आणि न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने १७ ऑक्टोबर २००५ रोजी निकाल दिला. त्यांनी मोकळ्या जमिनीत पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही येते असा अर्थ लावला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि सरकारचा अर्थ ग्राह्य धरला. दोन्ही निकालांत तोच शब्द आहे. एकाने नियमाचा हेतू पाहून त्याचा अर्थ लावला, दुसऱ्याने नियम बदलणाऱ्याचा अधिकार पाहून. साहित्यात या वादाला आपण संहितेचा हेतू की लेखकाचा हेतू असे म्हणतो आणि त्यावर चर्चासत्रे घेतो.

या दोन निकालांच्या आधीच, २००५ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्यांच्या जमिनी लिलावाने विकल्या होत्या. एकूण किंमत सुमारे २,०२० कोटी. एकट्या मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी. चिंचपोकळीची अपोलो मिल १८० कोटींना गेली. तिच्या आवारातले मनोरे आज ना. म. जोशी मार्गावरून दिसतात. या विक्रीतून कामगारांची देणी भागवायची होती हे खरे. तरी सार्वजनिक मालकीच्या जमिनीसाठी सरकारने खासगी मालकाला लावायचाच अर्थ लावून घेतला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. स्वतःच मालक असलेल्या शासनाला तरी दुसरे जोडपद परवडले असते.

आता दुसरा शब्द : ‘गिरणी कामगार’.

१९९१ च्या तक्त्यातला म्हाडाचा वाटा सार्वजनिक घरांसाठी होता. त्यात गिरणी कामगाराचे नाव नव्हते. ते नाव संघटनांनी रेटून आणले. मॉडर्न मिलचे कामगार दत्ता इस्वलकर यांनी १९८९ पासून उभी केलेली बंद गिरणी कामगार संघर्ष समिती त्यात अग्रभागी होती. मागणी मान्य झाली, आणि मान्य होताच प्रश्न आला तो व्याख्येचा. उत्तर ठरले ते असे : १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार, किंवा त्याचा वारस.

संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. अडीच लाखांच्या आसपास माणसे बाहेर पडली. पात्रतेची तारीख त्याच्या सतरा दिवस आधीची. नियमात संपाचा उल्लेख कुठेही नाही, पण तारीख वाचली की तो समोर उभा राहतो. संपात गेलेला कामगार वगळला जाऊ नये अशी ती तारीख आहे, आणि तेवढ्यापुरती ती उदार आहे. पण तारीख कोणाला आत घेते याबरोबर कोणाला बाहेर ठेवते हेही पाहावे लागते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा बायका होत्या, मुख्यतः रीळ आणि वाइंडिंग खात्यात. पुढे यंत्रे बदलली, रात्रपाळीचे आणि बाळंतपणाच्या रजेचे कायदे आले, आणि मालकांनी बायका कमी करत नेल्या. १९८२ पर्यंत पटावर त्या जेमतेम उरल्या होत्या. तारखेने त्यांना गाळले नाही. त्या आधीच गाळल्या गेल्या होत्या आणि तारखेने त्यावर शिक्का मारला. खाणावळवाल्या बायकांचे तर पटावर नावच नव्हते. एकेक बाई दहा-वीस एकट्या कामगारांना दोन वेळा जेवू घालायची, पगारापर्यंत उधारीवर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते याच बायकांचे. संपात उधारी बुडाली तीही त्यांचीच. गिरणीधंद्याचा पाव भाग तरी त्यांच्या चुलीवर चालला असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही, पण ‘गिरणी कामगार’ या शब्दाच्या कुंपणाबाहेर त्या पहिल्यापासून होत्या.

बदली कामगाराचे दुखणे निराळे. तो रोज सकाळी फाटकाशी उभा राहायचा; कायमचा कोणी आला नाही तर त्याला काम, नाही तर परत. तो पटावर होता आणि नव्हताही. पात्रतेसाठी म्हाडाने जे पुरावे चालतील असे ठरवले ते पाहा : ओळखपत्र, तिकीट क्रमांक, लाल पास, हजेरीपत्रक, रजेची नोंदवही, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, राज्य विमा योजनेचा क्रमांक, पगाराची पावती, सेवेचा दाखला. यातले बहुतेक कागद गिरणीच्या टाइमकीपरच्या कपाटात असायचे. म्हणजे पुरावा ठेवणारा मालक आणि पुरावा द्यायचा कामगाराने, तोही गिरणी पाडून झाल्यावर. नियम ५८ ने मालकाकडून जमिनीचा वाटा मागितला, पण मस्टर मागितले नाही. आवार ताब्यात घेताना हजेरीच्या वह्याही ताब्यात घ्याव्यात, एवढी एक ओळ कोणी घातली असती तर पुढची वीस वर्षे हजारो कुटुंबांना ट्रंका उपसाव्या लागल्या नसत्या. २०२३ च्या सप्टेंबरपासून म्हाडाने कागद तपासण्याची खास मोहीम घेतली, तेव्हाही अर्जदारांत मोठा भाग वारसांचा होता. ज्याने तिकीट खिशात बाळगले तो गेला, आणि ते तिकीट कशाचे हे न कळणारा नातू ते ऑनलाइन चढवतो आहे.

आकडे थोडक्यात. कामगारांच्या घरांच्या सोडती झाल्या त्या अशा : २८ जून २०१२ रोजी ६,९२५ घरे, मे २०१६ मध्ये २,६३४, डिसेंबर २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन गावातली सुमारे २,४००, १ मार्च २०२० रोजी बॉम्बे डाइंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरची ३,८९४. मिळून सोळा हजारांना थोडी कमी. अर्ज पावणेदोन लाखांच्या घरात. अकरा अर्जांमागे एक घर. ‘सोडत’ हा शब्दही ऐकून घ्यावा. हक्काची वाटणी होते, बक्षिसाची सोडत निघते. आधी ‘हक्काचे घर’ म्हणायचे आणि मग चिठ्ठी काढायची, यातली विसंगती मंत्रालयाच्या जाहिरातींत एकाच परिच्छेदात सुखाने नांदते.

मुंबईतले हे घर २२५ चौरस फुटांचे आहे, आणि ते फुकट नाही : २०१२ मध्ये साडेसात लाख, २०२० मध्ये साडेनऊ लाख. २२५ हे माप कुठून आले? झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत १९९० च्या दशकात ठरलेले ते माप. ती योजना पुढे २६९ आणि मग ३०० चौरस फुटांवर गेली. कामगार २२५ वरच राहिला. त्याच ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाच करते. तिथे १६० चौरस फुटांच्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला ५०० चौरस फुटांचे घर मालकीने आणि विनामूल्य मिळायचे आहे. वरळीत तशी पहिली घरे २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिलीही गेली.

ही तुलना बीडीडीवाल्यांचा हेवा म्हणून मी करत नाही. त्यांचे घर त्यांना मिळावेच. त्यातही कित्येक घरे गिरणी कामगारांचीच आहेत. मुद्दा असा, की एकाच रस्त्यावर, एकाच संस्थेकडून, एकाच कष्टकरी वर्गाला दोन मापे लागतात, आणि त्यामागे एक न लिहिलेले तत्त्व आहे. मुंबईची गृहनीती माणसाला ओळखते ती तो कुठे राहतो यावरून. १९४७ च्या भाडे कायद्यापासून झोपडीच्या १९९५, २००० आणि २०११ च्या तारखांपर्यंत सारी रचना कब्जावर उभी आहे. खोली तुमच्या ताब्यात असेल तर तुम्ही बोलणी करू शकता. तुम्ही हलत नाही तोवर बांधकाम अडते. कामगाराचा दावा राहण्यावर नाही, राबण्यावर आहे. तो बाहेरच उभा असल्यामुळे काहीच अडवू शकत नाही. चाळीस वर्षे यंत्रापाशी उभे राहण्याने जागेवर हक्क येतो असे आपला एकही नियम मानत नाही. घराचा जो काही हक्क त्याला मिळाला तो मोर्चांमुळे मिळाला, म्हणून तो इतका कच्चा आहे.

जागा संपली की घर लांब जाते. कोनच्या घरांची सोडत २०१६ मध्ये निघाली. ताबा मिळण्याआधी कोविडच्या काळात ती घरे विलगीकरणासाठी घेतली गेली, परत आली ती मोडतोड होऊन, मग दुरुस्ती कोणी करायची यावर पत्रापत्री. किल्ल्या हाती पडायला २०२४ उजाडले. मध्यंतरी १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानंतर शेलू आणि वांगणीला खासगी विकासकांकडून ८१,००० घरे बांधून घेण्याची योजना आली. दोन्ही स्टेशने मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, बदलापूरच्या पलीकडे. म्हणजे चिंचपोकळी ज्या मार्गावर आहे त्याच मार्गावर, फक्त चिंचपोकळीला जलद गाडी थांबत नाही. शेलू-वांगणीचे घर नाकारणाऱ्याचा हक्क जाईल अशी अट त्या निर्णयात होती. ९ जुलै २०२५ रोजी आझाद मैदानावर कामगार आणि वारस जमले ते या दूरच्या घरांविरुद्ध, घरे मुंबईतच द्या म्हणून. अट काढण्याचे आश्वासन मिळाले. सत्तरीच्या माणसाने उन्हात बसायचे आणि एक कलम गाळून घ्यायचे. १९९१ ते २००१ मध्ये मालकांना एक जोडपद गाळून घ्यायला मैदानात बसावे लागले नव्हते.

महापालिकेच्या वाट्याला आलेल्या जमिनीपैकी काळाचौकीची इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ आणि ३ ची जागा मोठी आहे. तिथे वस्त्रोद्योगाचे संग्रहालय व्हायचे आहे. कामाचा पहिला भर तळे आणि संगीत कारंज्यावर राहिला. जुनी यंत्रे, चिमणी, शेडची कमान हे सारे तिथे जपले जाईल, जपलेच पाहिजे. संग्रहालयाची आखणी करणाऱ्यांना एक विनंती करावीशी वाटते. उरल्यासुरल्या गिरण्यांची हजेरीपुस्तके, रजेच्या वह्या आणि बदलीची कार्डे आजही कुठे कुठे गोदामांत, अवसायकांच्या कार्यालयांत आणि कामगारांच्या घरी आहेत. ती आधी गोळा करावीत, त्यांची नक्कल म्हाडाला द्यावी आणि मूळ वह्या काचेच्या कपाटात ठेवण्याआधी अर्जदारांना पाहायला उघड्या ठेवाव्यात. तपासणी अजून चालू आहे, आणि एखाद्या खात्याच्या पानावर एखाद्या बदलीचे नाव सापडायला वेळ गेलेली नाही.